तो फिका हिरवा दसऱ्यापर्यंत मिळेल का?

कळंबा रोडवरच्या एका ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. मुलगी शिवाजी विद्यापीठात शिकते, रोजचं जाणं-येणं आहे, म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची ठरली. मॉडेल ठरलं, बजेट बसलं, टेस्ट राइड झाली. अडलंय ते रंगावर. मुलीला फिका हिरवाच हवा. शोरूमवाले म्हणतात, "मॅडम, तो कलर शॉर्ट आहे, दोन-अडीच महिने धरा. ग्रे आणि पांढरी परवा देतो." दसरा सहा आठवड्यांवर आलाय. थांबावं, आहे ती घ्यावी, की सांगली-पुण्याला बघावं? आणि घरातल्या मोठ्यांचं मत असं की रंगात काय ठेवलंय, गाडी पळाल्याशी मतलब.

ताई, हे शेवटचं मत मला पटत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कोल्हापुरात दुचाकीच्या धंद्यात मी चोवीस वर्षं काढली. सुरुवात यार्डात ट्रकमधून गाड्या उतरवण्यापासून झाली, शेवटची काही वर्षं बॅटरीच्या गाड्यांच्या विक्रीत गेली. आता शोरूम सोडलंय, त्यामुळे मोकळेपणानं बोलता येतं. रेंज थोडी कमी मिळाली म्हणून कुरकुर करणारं गिऱ्हाईक चार-सहा महिन्यांत सरावतं. पण मनाविरुद्ध रंग गळ्यात पडलेला माणूस दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला शेजारी 'ती' गाडी दिसली की दरवेळी आमचा उद्धार करतो. आमच्या वडिलांच्या पिढीत बजाजच्या स्कूटरचा नंबर लागायला दहा-दहा वर्षं जायची, तेव्हा रंग विचारायची पद्धतच नव्हती. मिळाली हेच नशीब. आज लाख-सव्वा लाख मोजून सात-आठ वर्षं दारात उभी करायची गाडी असेल तर रंगाचा हट्ट रास्त आहे. त्या हट्टापायी किती दिवस आणि किती पैसे घालवायचे, एवढं मात्र आधी घरात बसून ठरवा.

आता मुख्य मुद्दा. "शॉर्ट आहे" हे शोरूममधलं सगळ्यात फसवं वाक्य आहे. खोटं असतं असं नाही, पण त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा असतो. कधी कंपनीनं तो रंग बंदच केलेला असतो आणि सेल्सवाल्याला ते माहीत नसतं, किंवा माहीत असून तो सांगत नाही. कधी रंग निघत असतो, पण महिन्यातून एखाद्याच वेळी आणि मोजकाच. आणि कधी, हे ऐकून तुम्हाला राग येईल, त्या रंगाची गाडी शिरोलीकडच्या यार्डात उभी असते, फक्त तिच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव पडलेलं असतं. हे दुसरं नाव पुष्कळदा कच्चं असतं. कर्ज मंजूर व्हायचंय, नाहीतर मुहूर्त ठरायचाय, नाहीतर पाहुण्याच्या पाहुण्यानं फोनवर "ठेवा माझ्यासाठी" एवढंच म्हटलेलं असतं.

म्हणून काउंटरवर "कधी येईल?" असं विचारू नका. त्याला "येईल की!" एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं ते असं : "या व्हेरियंटमध्ये या रंगाची शेवटची गाडी तुमच्याकडे कधी बिल झाली? आणि आत्ता तुमच्या नावावर कंपनीतून निघालेल्या मालात या रंगाचे किती चॅसिस, म्हणजे किती गाड्या, आहेत?" हा प्रश्न सेल्सच्या पोराला नका विचारू, त्या बिचाऱ्याला स्क्रीन बघायची मुभा नसते. स्टॉक बघणारा किंवा बिलिंगचा माणूस गाठा. कंपनीतून ट्रक निघाला की त्यातल्या प्रत्येक गाडीचा चॅसिस नंबर, व्हेरियंट आणि रंग डीलरच्या सिस्टीमवर दिसतो. गाडी अजून वाटेत असली तरी कागदावर ती कोल्हापूरची झालेली असते. शेवटची गाडी गेल्या महिन्यात बिल झाली असेल तर रंग जिवंत आहे असं समजा. चार-पाच महिन्यांत एकही नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर त्या व्हेरियंटच्या रंगांत तो अजून दिसतो का ते बघा, आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल टाकून लेखी विचारा. बंद झालेल्या रंगासाठी मुलीला तीन महिने झुलवत ठेवण्यात अर्थ नाही.

तुटवडा मोटरचा किंवा चिपचा असतो, मग रंगाचं घोडं कुठं अडतं, असं लोक मला नेहमी विचारतात. गणित साधं आहे. ४ एप्रिल २०२५ ला चीननं सात दुर्मीळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध लावले. बॅटरीच्या बहुतेक गाड्यांच्या मोटरमध्ये निओडिमियमचं चुंबक असतं आणि तापल्यावरही त्याची ताकद टिकावी म्हणून त्यात थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळतात. ही दोन्ही त्या यादीत होती. जुलैत बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी उघडपणे सांगितलं की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. चुंबक ग्रे गाडीला लागतं तेवढंच हिरव्या गाडीला लागतं, हे खरं. पण एकूण गाड्याच कमी निघणार असल्या की कंपनी आधी काय काढणार? जे डोळे झाकून खपतं ते. एका स्कूटरला समोरचं ॲप्रन, बाजूची पॅनेलं, मडगार्ड, हँडलचं कव्हर असे आठ-दहा रंगीत तुकडे असतात. रंग बदलायचा म्हणजे पेंटशॉपच्या नळ्या आणि गन सॉल्व्हंटनं धुऊन काढायच्या. त्यात वेळ जातो, रंग वाया जातो, आणि गडद रंगानंतर फिका घेतला तर डाग यायची भीती. म्हणून एक रंग लावला की त्याचा मोठा घाणा काढून घेतात. माल भरपूर निघत असतो तेव्हा आठवड्याला प्रत्येक रंगाची पाळी येते. उत्पादन निम्म्यावर आलं की कमी खपणाऱ्या रंगाची पाळी महिन्यावर, दीड महिन्यावर जाते. त्यात एखाद्या पॅनेलचा त्या रंगातला एक तुकडा जरी कमी पडला तरी सगळी गाडी अडते, कारण नऊ तुकडे हिरवे आणि एक ग्रे अशी गाडी कुणी विकत नाही.

दुसरं कारण डीलरच्या खिशातलं आहे. गाडी कंपनीतून निघाली की तिचे पैसे डीलरच्या बँकेतल्या कर्जखात्यातून वळते होतात. ठरावीक दिवसांत गाडी विकली नाही तर व्याज चढू लागतं. फिका हिरवा रंग आवडणारे तुमच्यासारखे महिन्याला दोन-तीनच. ग्रे, पांढरा, काळा मागणारे तीस. मग महिन्याची मागणी भरताना मॅनेजर हिरव्याच्या रकान्यात शून्य लिहितो. मीही कितीतरी वेळा लिहिलंय. म्हणजे कंपनीत रंग निघतोय, पण आपल्या गावानं तो मागवलेलाच नाही, असंही असू शकतं. नाव घालून बुकिंग झालं की त्या रकान्यात एक आकडा पडतो. म्हणून तोंडी चौकशी करून महिनाभर वाट बघण्यापेक्षा थोडं टोकन देऊन आजच बुकिंग केलेलं बरं, मग पुढं बघता येतं.

कोल्हापूरकरांचा जळफळाट करणारी एक गंमत सांगतो. टीव्हीएसची आयक्यूब आणि एथर या दोन्ही बॅटरीच्या गाड्या तमिळनाडूत होसूरला बनतात. तिथून पुण्या-मुंबईला जाणारा माल आपल्याच महामार्गावरून, शिरोलीच्या पुलावरून पुढं जातो. तुम्हाला हवी असलेली हिरवी गाडी कदाचित काल रात्रीच पंचगंगा ओलांडून पुण्याला गेली असेल. बजाजची चेतक पुण्याजवळच्या आकुर्डीहून उलट्या बाजूनं येते. माल कुठून येतो याला पावसाळ्यात महत्त्व आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पाणी आलं आणि महामार्ग बंद पडला, तेव्हा दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा लागल्या होत्या. त्या वेळी वाटेत अडकलेल्या गाड्यांचं वेटिंग आमच्या माथी आलं, आणि आम्ही ते गिऱ्हाइकांच्या माथी मारलं.

आता तुमच्या सहा आठवड्यांकडे येऊ. गणपती आठवड्यावर आलेत. गौरी-गणपती होईपर्यंत डिलिव्हऱ्या चालू राहतील, नंतर पितृपक्ष लागेल. त्या पंधरा दिवसांत आपल्याकडे गाडी उचलायला कुणी येत नाही, शोरूममध्ये माश्या मारत बसायची पाळी. पण कंपनीला पितृपक्ष नसतो! ट्रक येतच राहतात, उलट दसऱ्यासाठी जास्त येतात. त्यामुळे वर्षभरात यार्डात सगळ्यात जास्त रंग बघायला मिळतात ते याच पंधरवड्यात. हा काळ तुमच्या कामाचा आहे. दर दोन-तीन दिवसांनी फोन करा, लोड आला की यादी विचारा, आणि हिरवी दिसली की त्याच दिवशी जाऊन चॅसिस आपल्या नावावर अलॉट करून घ्या. घरात कुणी म्हटलं की पितृपक्षात गाडी घेत नाहीत, तर सांगा की गाडी घेत नाही, नुसता नंबर लिहून घेतोय. बिल घटस्थापनेला करा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जाऊन "आजच बिल, आजच पासिंग, उद्या सकाळी पूजा" असं मात्र करू नका. त्या दिवशी सगळ्या शोरूममधून आरटीओच्या कामाला नुसती झुंबड असते, आणि नंबर पडल्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही.

महिनाअखेरही लक्षात ठेवा. शेवटच्या तीन-चार दिवसांत मॅनेजरला टार्गेट पुरं करायचं असतं, तेव्हा तो कच्च्या नावांवर अडकलेल्या गाड्या सोडवतो. "ज्यांचं पेमेंट तयार नाही त्यांची अलॉटमेंट काढा" असा आदेश निघतो. त्या वेळी ज्याचं कर्ज मंजूर आहे आणि डाउन पेमेंट हातात आहे, अशा माणसाला हवा तो रंग मिळतो. आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा कागद तयार असलेल्याचं काम आधी होतं, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं बघितलंय.

आता दुसऱ्या गावाचं. आधी तुमच्याच डीलरला म्हणा, "सांगली, इचलकरंजी, कराडला विचारा आणि अदलाबदल करा." डीलर आपसात गाड्या बदलतात. कुणाकडे पांढऱ्या संपलेल्या असतात, कुणाकडे हिरवी धूळ खात पडलेली असते. एक फोन, एक टेम्पो, काम झालं. पण मॅनेजर स्वतःहून हे सांगत नाही, कारण वाहतूक त्याच्या अंगावर येते. "टेम्पोचं भाडं मी देते" म्हटलंत की तो लगेच फोन उचलतो. सांगलीहून पन्नास किलोमीटरवर गाडी आणायची असेल तर टेम्पोचा खर्च फार नाही. रंगासाठी मोजायच्या पैशांत मला हा खर्च सगळ्यात पटतो.

ते जमलं नाही तर सांगलीला किंवा पुण्याला स्वतः जाऊन घ्या, हरकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं राज्यातल्या कोणत्याही आरटीओत नोंदणी करता येते. पण व्यवहारात डीलर आपल्या सोयीचा नंबर पाडून मोकळा होतो. आपला एमएच-०९ हवा असेल तर पैसे भरायच्या आधी तसं कबूल करून घ्या. पुण्याचा एमएच-१२ पडला तरी काही बिघडत नाही, राज्यातल्या राज्यात गाडी चालते. पण ०९ नसलेली गाडी दारात आली की कोल्हापुरात गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा विचारतं, "कुणाची आणलीस?" निपाणी-बेळगाव मात्र टाळा. तिथं रंग मिळतोय म्हणून तिथल्याच पत्त्यावर नंबर पाडून आणणारे मी पाहिलेत, आणि पुढं कर्ज, विमा, विक्री प्रत्येक ठिकाणी त्यांची झालेली दमछाकही पाहिलीय. कायदा सांगतो, राहता त्या राज्यात नोंदणी करा. आपल्याकडे बॅटरीच्या दुचाकीला रोड टॅक्स नाही, म्हणजे तिकडं जाऊन वाचणारही काही नाही. आणि दुसऱ्या गावची गाडी इथल्या सर्व्हिस सेंटरवाल्यानं "जिथनं घेतली तिथं जावा" म्हणून परत पाठवली, तर सरळ कंपनीकडे तक्रार करा. वॉरंटी कंपनीची असते, दुकानाची नसते.

बुकिंगच्या पावतीवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण निम्मी भांडणं तिथंच जन्माला येतात. पावतीवर नुसतं "ग्रीन" चालणार नाही. प्रत्येक रंगाला कंपनीचं स्वतःचं नाव असतं, पुष्कळदा कोडही असतो. एकाच मॉडेलमध्ये दोन हिरवे असू शकतात, एक चकचकीत आणि एक मॅट. ते पूर्ण नाव लिहून घ्या, व्हेरियंट लिहून घ्या, आणि खाली एक ओळ हातानं लिहायला लावा : अमुक तारखेपर्यंत या रंगाची गाडी मिळाली नाही, तर बुकिंगची पूर्ण रक्कम परत. शिक्का आणि सही. सेल्सवाला "मॅडम, एवढा पण विश्वास नाही व्हय?" म्हणेल. हसून म्हणा, "विश्वास आहे की, म्हणूनच लिहून मागत्येय." पैसे अडकवलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण पावतीवर रंगच नसेल तर तुमच्या बाजूनं बोलणार काय?

त्याच पावतीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं की किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागेल. बॅटरीच्या गाडीत हे वाक्य पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त झोंबतं, कारण किमतीत सरकारी अनुदान धरलेलं असू शकतं आणि त्याच्या तारखा ठरलेल्या असतात. १ जून २०२३ ला फेम-२ या केंद्र सरकारच्या योजनेचं अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासाला १५,००० वरून १०,००० रुपयांवर आलं आणि कमाल मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर. त्या मे महिन्यात एक गृहस्थ लाल रंगासाठी थांबले होते. मी स्वतः त्यांना सांगितलं होतं की पांढरी आहे, ३१ तारखेच्या आत बिल करून टाका. ते म्हणाले, लालच. जूनमध्ये लाल आली आणि त्यांना वीस हजारांहून जास्त भुर्दंड पडला. नंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही पहिल्या टप्प्यात किलोवॉट-तासाला ५,००० होते, ते एप्रिल २०२५ पासून २,५०० झाले. तेव्हा बिल कोणत्या तारखेला होणार आणि त्या तारखेला अनुदान आहे का, असलं तर किती, हे डीलरकडून लिहून घ्या. थांबण्याची खरी किंमत तिथं कळते.

कर्जाचंही तसंच. मंजुरी आधी घेऊन ठेवा, पण चॅसिस नंबर हातात येईपर्यंत रक्कम डीलरला जाऊ देऊ नका. एका फायनान्सवाल्यानं आपलं टार्गेट भरायला रक्कम आधीच सोडली होती. गाडी यायला दीड महिना लागला आणि गिऱ्हाइकाचा पहिला हप्ता गाडीच्या आधी आला. त्या माणसानं माझ्या टेबलावर हप्त्याचा मेसेज ठेवला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता एक उलटं सांगतो. तुटवड्यात ज्या रंगाची गाडी उशिरा मिळते, त्या रंगाचं पॅनेलही उशिराच मिळतं. मुलगी नवशिकी आहे, वर्षभरात एकदा तरी गाडी पडणार, कॉलेजच्या पार्किंगमध्ये कुणीतरी आरसा घासून जाणार. पांढरं किंवा काळं साइड पॅनेल आठवड्यात मिळतं. न खपणाऱ्या रंगाचं पॅनेल यायला महिना-दोन महिने गेलेले मी पाहिलेत, तोवर गाडी ठिगळ लावल्यासारखी फिरते. म्हणून बुकिंगच्या आधी स्पेअरच्या खिडकीवर जाऊन विचारा की या रंगाचं पुढचं ॲप्रन आणि डावं-उजवं पॅनेल मिळायला किती दिवस लागतात. सेल्सच्या उत्तरापेक्षा हे उत्तर खरं असतं, तिथं कुणाला काही विकायचं नसतं.

फिका हिरवा मॅट असेल तर आणखी विचार करा. मॅट रंगाला पॉलिश चालत नाही, घासलं की तिथं चकाकी येते आणि तो डाग कायमचा राहतो. ओरखडा पडला तर तेवढ्यापुरता टचअप बसत नाही, सगळा तुकडा रंगवावा लागतो. आणि आपल्याकडे नवी गाडी अंबाबाईच्या देवळाकडून फिरवून जोतिबाला न्यायची पद्धत! तिथला गुलाल मॅट रंगावर बसला आणि वर पावसाची सर आली, तर पुढचे सहा महिने गाडीच्या खाचांत गुलाबी छटा बघत बसावं लागतं. गुलाल कोरडा असतानाच मऊ कपड्यानं हलकेच झटकायचा, पाणी नंतर मारायचं. चकचकीत रंगाला हा त्रास कमी. बाकी रंगांचं थोडक्यात सांगायचं तर लाल रंग उन्हात उभा राहून लवकर विटतो, काळ्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो, आणि ग्रे रंग आपल्या तांबड्या मातीत आणि कारखान्यांच्या हंगामात उडणाऱ्या काजळीत सगळ्यात सोशिक. विकायला काढली की पांढऱ्या-ग्रेला गिऱ्हाईक पटकन मिळतं. शिवाय बॅटरीच्या गाडीची नंबरप्लेट हिरवीच असते, त्यामुळे फिक्या हिरव्या गाडीवर ती गडद पाटी कशी दिसते, ते एखादी रस्त्यावरची गाडी बघून मुलीला आधीच ठरवू दे.

"ग्रे घ्या आणि उद्यमनगरात रंगवून टाका" असाही सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला असेल, किंवा देईल. आपल्या उद्यमनगरातल्या हातांबद्दल मला आदर आहे, लोखंडाचं काहीही घेऊन जा, जमवून देतात. पण नव्या बॅटरीच्या गाडीची पॅनेलं सोडवायची म्हणजे आतल्या क्लिपा आणि वायरिंगच्या जोडण्यांना हात लागतो, आणि पुढं काही बिघडलं की वॉरंटीवाले आधी तिकडेच बोट दाखवतात. रंगवायचंच असेल तर पॅनेलं सर्व्हिस सेंटरमध्ये सोडवून घ्या, सुटी रंगवा, आणि बॅटरीसकट गाडी भट्टीत ठेवू देऊ नका. आरसी बुकात रंग लिहिलेला असतो. तो बदलला तर आरटीओत नोंद बदलून घ्यायची आणि विमा कंपनीला कळवायचं. स्टिकरचं रॅप त्यातल्या त्यात बरं, काढता येतं. पण पूर्ण गाडीचा रंग बदलणाऱ्या रॅपलाही नोंदीचा मुद्दा लागू होतो. माझं मत विचाराल तर एक लाखाची गाडी घेऊन पहिल्याच महिन्यात ती उघडू नये.

रंगाच्या नादात आणखी एका ठिकाणी लोक फसतात. बाजारात हव्या त्या रंगात लगेच मिळणाऱ्या, "पासिंग लागत नाही, लायसन लागत नाही" अशा गाड्या असतात. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तरच ही सूट आहे. विकणारा कानात सांगतो, "एक वायर काढली की पन्नास पळती." ती वायर काढली की गाडी बेकायदा झाली, अपघात झाला तर विमा नाही. विद्यापीठाच्या चढावर रोज जाणाऱ्या मुलीला ही गाडी देऊ नका.

हिरवी गाडी कुठंतरी अचानक सापडली तर ती का पडून होती, हेही बघा. एखाद्या डीलरकडे आठ महिने उभी असलेली गाडी रंग न खपल्यामुळेच राहिलेली असू शकते, त्यात वाईट काही नाही, उलट भाव करायला जागा मिळते. चॅसिस नंबरातलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्ष सांगतं, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. मोठी बॅटरी रिकामी होऊन पडलेली नको. तुमच्यासमोर शंभर टक्के चार्ज करायला सांगा आणि मग चालवून बघा. काही गाड्यांत दिवे आणि लॉकसाठी वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, यार्डात उभं राहून पहिल्यांदा तीच मरते, ती नवी मागा. आणि पुराच्या दिवसांत ते यार्ड कुठं होतं, हे सरळ विचारा. पॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात, पायाखालच्या रबराखाली सुकलेला गाळ बोटाला लागतो का ते बघा. तिथं पुसायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

तर तुमच्यासाठी माझा हिशेब असा. गणपतीच्या आधी टोकन देऊन हिरव्याचं पक्कं बुकिंग करा आणि कर्जाची मंजुरी घेऊन ठेवा. पितृपक्षात लोडवर लक्ष ठेवा, सोबत सांगली-कराडशी अदलाबदलीचा तगादा लावा. घटस्थापनेपर्यंत चॅसिस नावावर पडला नाही, तर मुलीला बसवून विचारा की दसऱ्याला पांढरी हवी की दिवाळीच्या पाडव्याला हिरवी. त्या वेळी अनुदानाची एखादी तारीख आड येत नसेल तर मी पाडव्यापर्यंत थांबेन. येत असेल तर पांढरी घेईन. पाडव्यापुढं थांबू नका. त्यानंतर वर्षअखेरचा काळ येतो, डीलर जुना माल काढायच्या मागे असतात, आणि कमी खपणारे रंग तेव्हा कोणी मागवत नाही.

आणि हिरवी मिळालीच, तर डिलिव्हरीच्या आधी ती शोरूमच्या दिव्यांखाली बघू नका, बाहेर उन्हात काढायला लावा. तिथल्या पांढऱ्या दिव्यांत फिका हिरवा बऱ्याचदा राखाडी दिसतो, आणि पॅनेल-पॅनेलमधला फरक लपतो. ॲप्रन आणि मागचं पॅनेल एकाच छटेचं आहे ना, हे मुलीलाच बघू दे, तिची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तीक्ष्ण असणार. मग गाडीवरचा चॅसिस नंबर बिलाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, बिलावर रंगाचं तेच नाव आहे ना ते वाचा, आणि तेवढं झालं की पेढे वाटा.